एलिझाबेथ नक्की कुणाची मुलगी? मेफ्लॉवरवरच्या एका नोकराच्या घराचा शोध

नातीला शाळेतून फॅमिली ट्रीचं प्रोजेक्ट मिळालं तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्याकडची बाजू कुलवृत्तांत उघडला आणि तासाभरात उतरवून झाली, पण सूनबाईचं माहेर मॅसॅच्युसेट्सचं, त्यामुळे तिकडची बाजू कोण सांगणार तर विहीणबाई. त्यांनी कपाटातून एक कागद काढून दिला, टाइपरायटरवर टाइप केलेला, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला, त्यांच्या आजोबांनी कधीतरी तयार केलेला. सगळ्यात वरती लिहिलं होतं की आपला मूळपुरुष जॉन हाउलंड, १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्यांच्या मेफ्लॉवर जहाजातून आला, आणि त्याची बायको एलिझाबेथ ही त्या लोकांनी आजच्या मॅसॅच्युसेट्समध्ये वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची मुलगी.

मी महसूल खात्यात तीस वर्षं काढली, वारस नोंदी आणि फेरफार बघण्यात हयात गेली, त्यामुळे असा कागद हातात आला की पहिला प्रश्न हाच येतो की हे म्हणतंय कोण आणि कशाच्या आधारावर. मुलाकडे सहा महिने राहायचंच होतं, म्हटलं चला, ही केस आपण नीट बघू. ती कशी सुटत गेली ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांची नातवंडं आता इकडची आहेत आणि त्यांच्या झाडाची अर्धी बाजू अशीच कुठल्यातरी पिवळ्या कागदावर असणार.

आधी हाउलंड कोण ते सांगतो. तो कुणी मोठा माणूस नव्हता. इंग्लंडात हंटिंग्डनशायरमधल्या फेनस्टँटन गावचं घर, बापाचं नाव हेन्री. हे कळतं त्याच्या एका भावामुळे, हम्फ्री म्हणून लंडनला कापडाचा व्यापारी होता, त्याच्या १६४६ च्या मृत्युपत्रात जॉन, आर्थर, हेन्री अशी भावांची नावं आहेत आणि हे तिघंही तोवर अमेरिकेत होते. जॉन जहाजावर चढला तो कार्व्हर साहेबांचा नोकर म्हणून. जहाजावर १०२ प्रवासी, त्यात कार्व्हरच्या कुटुंबात तो स्वतः, बायको कॅथरीन, डिझायर मिंटर नावाची एक मुलगी, दोन नोकर म्हणजे आपला हाउलंड आणि रॉजर वाइल्डर, विल्यम लॅथम नावाचा पोऱ्या, एक मोलकरीण आणि सांभाळायला दिलेला जॅस्पर मोर नावाचा एक मुलगा. हे आठ जण नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

प्रवासात एक प्रसंग झाला आणि त्यामुळेच या माणसाचं नाव इतिहासात पहिल्यांदा येतं. वादळ एवढं की शिडं उतरवून जहाज लाटांवर नुसतं सोडून दिलेलं, सगळे खाली कोंडलेले, आणि हा कशासाठी तरी वर डेकवर गेला, जहाज कललं तसा थेट समुद्रात. बाहेर शिडाचा एक दोर लोंबत होता तो याच्या हाताला लागला, कित्येक फूट पाण्याखाली गेला तरी त्याने तो सोडला नाही, मग वरच्यांनी त्याच दोराने ओढत ओढत आणला आणि बोटीच्या आकडीने वर घेतलं. वसाहतीचा पुढचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने हे स्वतःच्या हस्तलिखितात लिहून ठेवलंय, आणि याच माणसाच्या वंशात पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष जन्मले, म्हणून लोक ही दोराची गोष्ट आवडीने सांगतात. मला मात्र तिच्यापेक्षा नंतरची कागदपत्रं जास्त आवडली.

पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं गेली. वसंतात कार्व्हर स्वतः गेला, पाठोपाठ त्याची बायको. म्हणजे १६२१ च्या मध्यावर हाउलंड मालकाविना राहिलेला एक तरुण. आणि ही वस्ती बसली कुठे, तर वाम्पनोआग या तिथल्या मूळ लोकांच्या पटक्सेट नावाच्या गावठाणावर, जे गाव १६१६ ते १६१९ च्या साथीत जवळजवळ पूर्ण उजाड झालं होतं. शेतं आधीच साफ केलेली होती ती त्या लोकांनी. जमिनीच्या कागदात हे येत नाही, पण जमिनीचं काम केलेल्या माणसाने ते सांगायला हवं असं मला वाटतं, वहिवाट आधी कुणाची होती हे विसरून पुढची नोंद वाचता येत नाही.

१६२३ ला जमीन वाटप झालं, माणशी एक एकर, आणि हाउलंडच्या नावे चार एकर लागले. तीन वर्षांपूर्वीचा नोकर आता स्वतःच्या नावाने खातेदार. अशा माणसाची डायरी नाही, पत्रं नाहीत, चित्र नाही, पण जमीन, जनावर, कर्ज, कोर्ट आणि मरणानंतरची यादी या पाच ठिकाणी तो सापडतोच सापडतो. आपल्याकडेही पणजोबांचा फोटो नसतो पण फेरफाराला अंगठा असतो, तसंच.

आता जनावरांची नोंद बघा, माझ्या मते या पूर्ण केसमधला सगळ्यात गोड कागद. २२ मे १६२७ ला वसाहतीतली गुरं वाटून घेतली. एकूण १५६ माणसं, तेरा-तेराचे बारा गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला काही जनावरं. चौथा गट जॉन हाउलंडचा. त्यात तो, बायको एलिझाबेथ, मग जॉन धाकटा, मग डिझायर, आणि पुढे जॉन ऑल्डन, त्याची बायको प्रिसिला वगैरे मंडळी. त्यांच्या वाट्याला जेकब नावाच्या जहाजातून आलेली एक कालवड आली आणि तिचं नावसुद्धा लिहिलंय, रॅगहॉर्न. शिंग कसंतरी वेडंवाकडं, फाटल्यासारखं असणार म्हणून असं नाव पडलं असेल. हे मी नातीला सांगितलं तर ती इतकी खूश झाली की दिवसभर रॅगहॉर्न रॅगहॉर्न चाललं होतं. पण गंमत बाजूला ठेवली तरी हा कागद म्हणजे वसाहतीची पूर्ण जनगणना आहे, घरातलं तान्हं मूलसुद्धा सुटलेलं नाही. हाउलंडच्या लग्नाची नोंद कुठे नाही, पण १६२७ च्या मे महिन्यात दोन मुलं होती हे यातून पक्कं. आणि सूनबाईचं घराणं ज्या मुलीपासून निघतं ती होप, तिचं नाव या यादीत नाही. म्हणजे होप १६२७ नंतरची.

थोरल्या मुलीचं नाव डिझायर का ठेवलं असेल? कार्व्हरच्या घरातली ती डिझायर मिंटर आठवा, एकाच जहाजातून आलेल्या, एकाच हिवाळ्यातून वाचलेल्या मुली, मिंटर पुढे इंग्लंडला परत गेली आणि तिकडेच वारली. एलिझाबेथने मैत्रिणीचं नाव लेकीला ठेवलं हा माझा अंदाज, आणि बऱ्याच जणांचा हाच आहे.

बरं, मुख्य प्रश्न. एलिझाबेथ कुणाची?

प्लिमथला बरिअल हिल म्हणून टेकडी आहे, जुनं दफनस्थान, तिथे मुलाला घेऊन गेलो होतो. हाउलंडच्या नावाचा जो दगड आज तिथे आहे त्यावर एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी असं स्वच्छ लिहिलंय. विहीणबाईंच्या कागदावर कार्व्हर, दगडावर टिली. मग खोलात गेलो तेव्हा कळलं की त्याआधी, १८३६ साली, वंशजांनी तिथे एक दगड बसवला होता आणि त्याच्यावर कार्व्हरचंच नाव होतं. म्हणजे विहीणबाईंच्या आजोबांनी काही मनाने रचलं नव्हतं, त्यांच्या घरात जे पिढ्यानपिढ्या सांगत आले तेच कधीकाळी दगडातही कोरलेलं होतं. हे कळल्यावर मला बरं वाटलं, कारण तोपर्यंत विहीणबाईंना कसं सांगायचं याचीच काळजी होती.

चूक सुधारली कशी हा भाग फार भारी आहे. ब्रॅडफर्डचं ते हस्तलिखित पूर्वी बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमध्ये एका ग्रंथसंग्रहात होतं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते गायब झालं. १८५५ ला कळलं की ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या लायब्ररीत पडून आहे. १८५६ ला त्याची नक्कल बॉस्टनला छापली गेली, आणि मूळ प्रत १८९७ ला मॅसॅच्युसेट्सला परत आली. या हस्तलिखिताच्या शेवटी ब्रॅडफर्डने साधारण १६५० च्या सुमाराला एक यादी जोडली, जहाजातून कोण कोण आलं, कोण मेलं, कुणाला किती मुलं झाली. घरनिहाय. अगदी आपल्या गावच्या रजिस्टरसारखी. त्यात कार्व्हरच्या घरात वर सांगितलेले आठ जण आहेत आणि त्यात मुलगी म्हणून कुणी नाही. जॉन टिलीच्या घरात मात्र तो, बायको आणि मुलगी एलिझाबेथ. पुढे लिहिलंय की टिली नवराबायको किनाऱ्याला लागल्यावर थोड्याच दिवसांत गेले आणि मुलीचं लग्न जॉन हाउलंडशी झालं. आणि हाउलंडच्या पुढे हिशोब दिलाय, दहा मुलं, दहाही जिवंत, थोरल्या मुलीला चार मुलं, दुसरीला एक, एकूण पंधरा. हा माणूस तीस वर्षं त्याच वस्तीत राहून लिहितोय, शेजाऱ्यांबद्दल लिहितोय, आणि त्या वेळी नवराबायको दोघं जिवंत आहेत. याच्यापुढे दोनशे वर्षांनी बसवलेला दगड टिकत नाही. पुरावा किती जुना आणि कुणी लिहिला हे महसुलात जसं बघतो तसंच इथेही.

मग ती कार्व्हरची मुलगी ही समजूत आली कुठून? मला वाटतं ते अगदी साहजिक आहे. तेरा वर्षांची पोरगी, आई गेली, बाप गेला, सोबत आलेले काका एडवर्ड आणि काकूही त्याच हिवाळ्यात गेले. अशी पोर कुणाच्या तरी घरी राहिली असणार, आणि जिचं लग्न कार्व्हरच्या नोकराशी झालं ती कार्व्हरच्याच घरी राहिली असेल असं पुढच्यांनी धरलं असेल, मग ‘राहिली होती’चं ‘मानलेली मुलगी’ झालं, मानलेलीची खरी मुलगी झाली. आपल्याकडे नाही का, लांबची आत्या दोन पिढ्यांत सख्खी आजी होऊन बसते.

पण टिली म्हणजे कुठले टिली? हे १९७६ ला संशोधकांनी लावलं. इंग्लंडात बेडफर्डशायरमध्ये हेन्लो नावाचं गाव, तिथल्या चर्चच्या रजिस्टरमध्ये ३० ऑगस्ट १६०७ ला एलिझाबेथ टिलीचा बाप्तिस्मा, बाप जॉन, आई जोन, आणि त्या दोघांचं लग्न त्याच रजिस्टरमध्ये १५९६ ला. आता नुसतं नाव जुळणं पुरेसं नाही, एलिझाबेथ टिली दुसरीही कुणी असू शकते. इथे तिचं स्वतःचं मृत्युपत्र कामाला येतं. १७ डिसेंबर १६८६ चं ते मृत्युपत्र, त्याच्या सुरुवातीलाच ती म्हणते की माझं वय एकोणऐंशी आहे पण बुद्धी शाबूत आहे. १६८६ मधून ७९ वजा करा, १६०७. ही वजाबाकी मी कागदावर केली तेव्हा खरंच अंगावर काटा आला, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, घरात सगळे झोपलेले, कुणाला सांगणार.

तारखांबद्दल एक सांगतो नाहीतर गोंधळ होतो. त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, जसं आपलं शक पाडव्याशिवाय बदलत नाही. म्हणून हाउलंडच्या मृत्यूची नोंद २३ फेब्रुवारी १६७२ अशी दिसली तरी आजच्या हिशोबाने ते १६७३ साल. हे माहीत नसेल तर मृत्युपत्र मे १६७२ चं आणि मरण फेब्रुवारी १६७२ चं असं उलटंच दिसतं आणि माणूस घाबरून पूर्ण नोंदच चुकीची ठरवतो. मी स्वतः एक दिवस असाच अडकलो होतो.

कर्ज आणि कोर्ट यांबद्दल थोडक्यात. १६२७ ला लंडनच्या गुंतवणूकदारांचे १८०० पौंड फेडायची हमी प्लिमथच्या ज्या आठ जणांनी घेतली त्यात हाउलंड होता. १६३४ ला तो आजच्या मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरच्या व्यापारी ठाण्याचा प्रमुख, तिथे हॉकिंग नावाच्या परक्या व्यापाऱ्याशी हद्दीवरून भांडण झालं, हाउलंडच्या माणसांनी त्याच्या होडीचा दोर कापायचा प्रयत्न केला, हॉकिंगने एकाला गोळी घातली, मग हॉकिंगही मेला. त्या प्रकरणातली साक्ष आजही वाचायला मिळते. १६३९ च्या सुरुवातीला त्याने रॉकी नूक नावाच्या भागात घर आणि जमीन घेतली आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. ती जागा आता किंग्स्टन गावात येते, पाया खणून काढलेला आहे.

आता मृत्युपत्रं, दोघांची. हाउलंडचं २९ मे १६७२ चं. बायकोला हयातभर रॉकी नूकचं घर, तिच्यानंतर ते जोसेफ या मुलाला, आणि लग्न झालेल्या सहा मुलींना वीस-वीस शिलिंग, प्रत्येकीचं सासरचं आडनाव लावून. होप चिपमन त्यात आहे. मुलींच्या बाजूने वंश शोधणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार नाही. शिवाय एक नात, मुलगा जॉनची मुलगी एलिझाबेथ हाउलंड, तिलाही वीस शिलिंग. मेल्यावर घराचा पंचनामा झाला त्याची किंमत १५७ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स, त्यात एक मोठं बायबल आणि आणखी पुस्तकं. नोकर म्हणून आलेल्या माणसाच्या घरात पुस्तकांची ओळ वेगळी लिहावी लागली, मला याचं फार अप्रूप वाटलं.

आणि चौदा वर्षांनंतरचं एलिझाबेथचं. तोवर ती स्वान्झीला लेक लिडियाकडे राहत होती. हे मृत्युपत्र वाचताना ती बाई समोर बसून बोलतेय असं वाटतं. जोसेफला तराजू, चादरींची एक जोडी. जेबेझला पिसांची गादी जी आधीच त्याच्याकडे आहे, आणि मोठं लोखंडी भांडं आकड्यासकट. आयझॅकला एक पुस्तक आणि मोठं पितळेचं भांडं, तेही आधीच त्याच्याकडे असलेलं. लिडियाला, जिने सांभाळलं तिला, सगळ्यात चांगली गादी, हिरवी रग, पितळेचं लहान भांडं आणि लहान बायबल. अंगावरचे कपडे हयात असलेल्या तीन लेकींत, एलिझाबेथ, लिडिया आणि हॅना यांच्यात, सारखे वाटून. डोरोथी नावाच्या नातीला सगळ्यात चांगली पेटी आणि अंथरूण गरम करायचं भांडं, म्हणजे निखारे घालून गादीवर फिरवतात ते. डिझायर कुशमन या नातीला चार मेंढ्या.

याच यादीत एलिझाबेथ बर्सली नावाची नात आहे, तिला चादरी आणि उशांचे अभ्रे. ही कोण? नवऱ्याच्या मृत्युपत्रातली एलिझाबेथ हाउलंडच ती, मधल्या काळात बर्सलीच्या घरात लग्न होऊन गेलेली. एकच मुलगी, चौदा वर्षांच्या अंतराने, दोन आडनावांनी. अशा ठिकाणी लोक एकीच्या दोघी करून टाकतात आणि झाडाला एक खोटी फांदी फुटते.

पण होप? आईच्या मृत्युपत्रात होप नाहीच. हे बघून मी धास्तावलो, कारण सूनबाईची पूर्ण ओळ होपवर टांगलेली. उत्तर बार्नस्टेबलला लोथ्रॉप हिलच्या दफनभूमीत मिळालं, होप चिपमनचा दगड अजून उभा आहे, जानेवारी १६८३ म्हणजे आपलं १६८४, वय ५४. म्हणजे आईने मृत्युपत्र केलं तेव्हा लेक आधीच गेलेली होती. आणि ५४ वजा केले की जन्म १६२९ च्या आसपास येतो, म्हणजे १६२७ च्या गुरांच्या यादीत ती नसणं बरोबरच. ब्रॅडफर्डने १६५० ला दुसऱ्या मुलीला एक मूल म्हटलंय तेही जुळतं. चार वेगवेगळ्या जागचे चार कागद, चार वेगवेगळ्या कारणांनी लिहिलेले, आणि एकमेकांना कुठेही धक्का लागत नाही. मी नोकरीत असताना एवढी स्वच्छ वारस साखळी क्वचितच बघितली असेल.

होपच्या खालच्या पिढ्या तुलनेने सोप्या गेल्या. पहिल्या पाच पिढ्या मेफ्लॉवर वंशजांच्या सोसायटीने पुराव्यासकट छापलेल्या आहेत, १८४१ पासून मॅसॅच्युसेट्सची सरकारी जन्ममृत्यू नोंद आहे. अडचण मधल्या काळात, कारण १८२७ ला बार्नस्टेबलच्या कोर्टाला आग लागली आणि जमिनीचे दस्त जवळजवळ सगळे जळाले, वारशाचे कागद वाचले. त्यामुळे एका पिढीचं लग्न आम्ही खरेदीखताऐवजी सासऱ्याच्या मृत्युपत्रातून सिद्ध केलं. डीएनए टेस्टचं मुलाने सुचवलं होतं, पण बारा-तेरा पिढ्यांपूर्वीच्या एका माणसाचा अंश आज शरीरात उरलेला असेलच असं नाही, तिथे कागदच लागतो.

विहीणबाईंना सांगायला मुलाबरोबर त्यांच्या घरी गेलो. गव्हर्नरची लेक म्हणून तीन पिढ्या सांगत आलेली गोष्ट, त्यांना वाईट वाटेल असं वाटत होतं. मी दोन्ही मृत्युपत्रांची प्रिंट समोर ठेवली, यादीची प्रिंट ठेवली, वजाबाकी करून दाखवली. त्यांनी सगळं सावकाश वाचलं, मेंढ्यांच्या ओळीवर परत आल्या, म्हणाल्या म्हणजे तेरा वर्षांची असताना तिचं कुणीच उरलं नव्हतं आणि शेवटी मुलानातवंडांना द्यायला तिच्याकडे काहीतरी होतं. मग पेन्सिल घेतली, आजोबांच्या कागदावरची ओळ खोडली नाही, शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, जॉन टिली, हेन्लो, १६०७.

नातीच्या चार्टवर आता डाव्या बाजूला आमचा कुलवृत्तांत आणि उजवीकडे तेरा चौकटी. सगळ्यात वरच्या चौकटीशेजारी तिने चार मेंढ्या आणि वाकड्या शिंगाची एक कालवड काढलीये, आणि मला विचारत होती की आजोबा, गाईचं नाव लिहिलं तर मग मेंढ्यांची नावं का नाही लिहिली.